गेणूकडचा दुसरा भाग

कन्हेरीच्या झुंबरतात्यांनी पुण्याला बाई ठेवली आहे, ही बातमी बारामतीच्या गूळबाजारात पहिल्यांदा कोणी आणली ते मी सांगणार नाही. तो माणूस आता हयात नाही, आणि गेलेल्या माणसाबद्दल खरं बोलू नये असं म्हणतात. पण बातमीला आधार होता. तात्या गुळाच्या ढेपा विकायला पुण्याला जायचे, आणि परत येताना दौंडच्या छोट्या गाडीतून उतरले की त्यांच्या काखोटीला एक गाठोडं असायचं, जुन्या धोतरात घट्ट बांधलेलं. कोणी विचारलं, "काय आणलं तात्या?" की गाठोडं या काखेतून त्या काखेत जायचं आणि तात्या म्हणायचे, "काय न्हाय, घरचंच हाय."

आता घरचं असेल तर ते पुण्याहून कशाला येईल? बाजारानं हिशेब मांडला आणि बाई निघाली. माणूस बाईला वस्तू नेऊन देतो, तिच्याकडून आणतो कशाला, ही शंका एकालाही आली नाही. चांगल्या बातमीत शंका काढायची आपल्याकडे पद्धत नाही.

तात्यांची बायको रंगूबाई. तिच्या कानावर हे विहिरीवर गेलं. ती घागर भरून घरी आली, आणि पुढच्या खेपेला तात्या गोठ्याकडे गेलेले बघून तिनं गाठोडं सोडलं. आत पुस्तकं निघाली. इंग्रजी, जाड पुठ्ठ्याची, आणि पान उघडावं तिथं विमान. उभं विमान, उडतं विमान, पडलेलं विमान. दुसऱ्या दिवशी विहिरीवरच्या बाया डोळ्यांत तेल घालून तिची वाट बघत होत्या. रंगूबाई म्हणाली, "दुसऱ्यांचं नवरं बाया ठेवत्यात. आमच्यांनी इमानं ठेवलीत. बाई असती तर झिंज्या धरून भांडले तरी असते. इमानाचं काय धरू?"

हे वाक्य संध्याकाळी बारामतीला पोचलं आणि दुसऱ्या दिवशी एस.टी.नं इंदापूरला गेलं.

तर हे झुंबरतात्या. कालव्याच्या पाटाखाली थोडा ऊस, थोडी वांगी-गवार, दारात दोन बैल, मिशा मोठ्या आणि बोलणं कमी. लढाईच्या काळात ते हवाई दलात होते. हे ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर चामड्याची टोपी आणि गळ्यात रुमाल असं काही आलं असेल तर पुसून टाका. तात्या जमिनीवर होते. हरिकेन नावाचं जे विमान होतं, त्याच्या शेपटीकडच्या अंगावर पत्रा नसायचा, कापड असायचं. गोळ्या लागून त्याला भोकं पडली की ठिगळ लावायचं, वर उग्र वासाचं रोगण फासून कापड ढोलकीसारखं ताणून बसवायचं, हे तात्यांचं काम. गावातले म्हणायचे, "म्हंजी गोधड्याच शिवत व्हता की." तात्या म्हणायचे, "व्हय."

त्यांचा जोडीदार गेणू. हा इंदापूर तालुक्यातल्या निमगाव केतकीचा, पानमळेवाल्याच्या घरातला. तो विमानात पेट्रोल भरायचा. दोघं पुण्याला एकाच दिवशी भरती झाले, आसामकडच्या एकाच तळावर एका तंबूत राहिले, एका ताटात जेवले. दोघांनी मिळून कितीतरी विमानं वर पाठवली, पण स्वतः विमानात दोघांपैकी एकही कधी बसला नाही. कोणी खिजवलं तर गेणू म्हणायचा, "घोड्याला चंदी घालणारा कधी वरातीत घोड्यावर बसतो व्हय?" गेणूला जीभ होती. तात्यांच्या वाटणीचीही त्यालाच मिळालेली असावी.

लढाई संपली, साहेबलोक आपापल्या घरी निघाले. ज्याचं विमान तात्यांनी शिवलं आणि गेणूनं पाजलं अशा एका साहेबानं सामान आवरताना एक थोरलं पुस्तक दोघांच्या हातात ठेवलं. लष्करी विमानांचं. पुस्तकाचे भाग दोन. पहिल्या भागात नुसत्या आकृत्या: विमान उभं चिरून दाखवलेलं, आतली एकेक वस्तू, आणि प्रत्येक वस्तूशेजारी बारीक आकडा. दुसऱ्या भागात नुसतं लिखाण: कुठला आकडा म्हणजे काय आणि त्याचं काम काय. म्हणजे एक भाग मुका आणि दुसरा आंधळा. दोघं शेजारी बसले तरच संसार.

गेणू मराठी सातवी झालेला, तळावर राहून इंग्रजी अक्षरं जुळवायला शिकलेला. तात्यांचं इंग्रजी आकड्यांशी थांबलेलं. त्यामुळं काम आपोआप वाटलं गेलं. गेणू दुसरा भाग मांडीवर घ्यायचा आणि पुकारायचा, "चौदा. पेट्रोलची टाकी." तात्या पहिल्या भागावर वाकून बोट फिरवायचे, चौदाचा आकडा धरायचे आणि म्हणायचे, "गावली." मग, "नऊ. शेपटीचं चाक." "गावलं." दोन बाप्ये हा खेळ तासन्‌तास खेळायचे. पोरं सागरगोटे खेळतात, तसंच.

घरी येताना दौंडच्या फलाटावर वाटणी झाली. तात्या तिथं उतरून बारामतीची गाडी धरणार, गेणू तसाच पुढं भिगवणला उतरून बैलगाडीनं निमगावला जाणार. ट्रंक गेणूची. त्यानं उघडली, वरचा भाग तात्यांच्या हाती आला, खालचा ट्रंकेत राहिला. वाटणी एवढीच. गेणू खिडकीतून म्हणाला, "जपून ठिव रं. माझ्या भागाची नवरी हाय ती." ही चेष्टा पुढं किती महागात जाणार हे त्याला ठाऊक असतं तर त्यानं जीभ चावली असती.

पहिली पाच वर्षं मात्र मजेत गेली. गेणू पानांच्या करंड्या घेऊन बारामतीच्या बाजाराला यायचा. एका करंडीत पानांऐवजी दुसरा भाग असायचा, केळीच्या पानावर, वर कोरडा पंचा. पानं विकून झाली की दोघं स्टेशनाकडच्या लिंबाखाली बसायचे. "सतरा." "गावलं." बाजारकरू उभे राहून बघायचे. एकदा एका म्हातारीनं यांना ज्योतिषी समजून हात पुढं केला होता. गेणूनं तिला पाहून सांगितलं, "आजी, तुमचं चाक ठीक हाय, पंख बघावं लागतील."

या एका पुस्तकानं तात्यांना भूक लागली. म्हस्कू रद्दीवाला वाण्यांना पुड्यांसाठी कागद पुरवायचा. त्याच्याकडं विमानाचं काही आलं की तो ते पुड्यांतून वाचवून तात्यांसाठी ठेवायचा. पुण्याच्या जुन्या बाजारात लष्करी छावणीतून निघालेली पुस्तकं पोत्यानं पडलेली असायची. तात्या गूळ देऊन झाला की तिथं उकिडवे बसायचे. वाचता येत नसल्यामुळं त्यांची पारख वेगळीच. आधी वास घ्यायचा, मग मधलं पान उघडायचं, पंख दिसला की घ्यायचं. या पद्धतीनं एकदा कोंबडीपालनाचं पुस्तक घरी आलं. रंगूबाईनं ते बरोबर हेरलं. "ह्यात इमान कुठाय?" तात्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. त्याबी उडत्यातच की." कोंबडी कपाटात गेली ती कायमची.

कपाटाचंही एक आहेच. बारामतीतला एक दवाखाना बंद पडला तेव्हा तात्यांनी त्याचं काचेच्या दारांचं कपाट बैलगाडीतून कन्हेरीला नेलं. त्याच्या खालच्या खणावर लाल अक्षरांत 'विष' असं रंगवलेलं होतं. तात्यांनी ते खरवडलं नाही. त्या खणात त्यांनी बाँब टाकणाऱ्या विमानांची पुस्तकं ठेवली. पुस्तकांत लिंबाचा पाला आणि तंबाखूची पानं, वाळवी लागू नये म्हणून. मधल्या फळीवर, डोळ्यांसमोर, तो पहिला भाग. आणि त्याला लागून एक मोकळी जागा, नेमकी दुसऱ्या भागाच्या जाडीची. बाकी कपाट ठासून भरलं तरी ती जागा तात्यांनी कधी भरू दिली नाही. रंगूबाई तिथं कधी कुंकवाचा करंडा ठेवायची, कधी सुपारीची डबी. तात्या उचलून बाजूला ठेवायचे. त्यांचा बेत ठरलेला होता. म्हातारपणी गेणू पानमळा पोरावर सोपवील, तात्या ऊस जावयावर टाकतील, दोन्ही भाग या फळीवर एकत्र येतील आणि दोघं ओट्यावर बसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळे आकडे लावतील. माणसं काशीला जायचं ठरवतात तसं त्यांनी हे ठरवलेलं.

मग कौसल्येचं लग्न आलं. कौसल्या तात्यांची एकुलती एक लेक.

आपल्याकडच्या लग्नात अक्षता पडायच्या आधी काय चालतं ते तुम्हाला सांगायला नको. मानकऱ्यांची नावं पुकारायची, एकेकानं मांडवात पुढं यायचं आणि यजमानानं त्याला फेटा बांधायचा. नवरदेव घोड्यावर ताटकळला तरी चालेल, पण फेट्यातलं एक नाव राहिलं तर तीन पिढ्या बोलणं बंद. कन्हेरीत नावं पुकारायचं काम बिरूकडं असायचं, त्याचा आवाज कालव्यापलीकडं जायचा म्हणून. तात्या कानात नाव सांगत होते, बिरू पुकारत होता. सरपंच झाले, सोयरे झाले, गुळाचे अडते झाले, रद्दीवाला म्हस्कूसुद्धा झाला.

गेणू मांडवाच्या खांबाजवळ बसला होता. धुतलेला कोट, आणि डोकं उघडं. टोपी त्यानं काढून खिशात ठेवली होती, फेटा बांधायला सोयीचं व्हावं म्हणून. हे आजूबाजूच्या सगळ्यांनी पाहिलं होतं. आणि बिरू म्हणाला, "संपलं मानपान, चला अक्षता वाटा."

गेणूनं खिशातून टोपी काढली, झटकली, डोक्यावर ठेवली. अक्षता टाकल्या. आणि पंगत बसायच्या आत चालत बारामतीच्या रस्त्याला लागला.

तात्यांना हे कळलं तेव्हा ते वाढायला उभे होते, हातात बुंदीचं ताट. त्यांनी विचारलं, "गेणू कुठाय?" कोणीतरी सांगितलं. तात्यांनी ताट खाली ठेवलं नाही, वाढतच राहिले.

आता या भांडणात खरं कोणाचं? मी दोन्ही तालुक्यांत हा प्रश्न विचारून पाहिलाय, आणि दोन्हीकडं जेवण करून आलोय. तात्यांचं म्हणणं, "फेटा पाव्हण्याला बांधत्यात. घरच्या माणसाला कोण बांधतं? मी माझ्या भावाचं नाव पुकारलं का? मग गेणूचं कशाला पुकारू? अन् लेकीच्या लग्नात माझ्या दारचं अन्न टाकून गेला तो." गेणूचं म्हणणं, "घरचा व्हतो तर घरात बसवायचं. मांडवात उघड्या डोस्क्यानं कशाला बसवलं? अख्ख्या कन्हेरीनं माझं टक्कल बघितलं." दोघांचंही खरं. म्हणूनच मिटेना. एक खोटा असता तर महिन्यात मिटलं असतं.

गेणूची पानं त्यानंतर बारामतीच्या बाजाराला आली नाहीत, इंदापूरला जाऊ लागली.

बारामती-इंदापूर एस.टी.वर अप्पा नावाचा कंडक्टर होता. तिकिटं फाडणं हा त्याचा जोडधंदा, खरा धंदा निरोप पोचवणं. रस्त्यावरची निम्मी लग्नं त्यानं जमवली आणि थोडीफार मोडलीही. त्यानं मनावर घेतलं की ही दोन पुस्तकं एकत्र आणायची. पण गेणूची ती फलाटावरची चेष्टा कोणालातरी आठवली, आणि अप्पाच्या तोंडी प्रकरण सरळ सोयरिकीच्या भाषेत गेलं. सोयरीक म्हटली की पहिला प्रश्न, मुलीकडचे कोण? कारण मुलीकडच्यांनी जायचं असतं.

अप्पा तात्यांना म्हणाला, "तात्या, चित्रांचं बुक म्हंजी नवरीच की. नटलेली. तुमीच जावा."

तात्या म्हणाले, "पैला भाग कंचा? माझा. नवरा पैला का नवरी पैली?"

अप्पानं ते निमगावला नेलं. गेणू म्हणाला, "त्याला सांग, बोलता येतं ते माझ्या बुकाला. मंगळाष्टकं चालू असताना गप बसती ती नवरी."

अप्पानं ते कन्हेरीला आणलं. तात्या म्हणाले, "आमच्याकडं उलटं हाय." आणि स्वैपाकघराकडं बघितलं. आतून रंगूबाई म्हणाली, "ऐकलं बरं का."

अशी दोन-तीन वर्षं गेली. आम्ही स्टँडवर रोज विचारायचो, "काय अप्पा, वरपक्ष काय म्हणतो?" आणि रोज हसायला मिळायचं. खोटं कशाला सांगू, सगळ्या रस्त्याची करमणूक होती.

शेवटी अप्पानं डोकं लढवलं. दोन्हीकडच्या गाड्या लासुर्ण्याला समोरासमोर यायच्या आणि चहाला थांबायच्या. तात्यांनी बारामतीहून यावं, गेणूनं निमगावहून यावं, दोघांनी एकाच वेळी उतरावं, हॉटेलच्या मधल्या बाकड्यावर बसावं. कोणी कोणाच्या दारी गेलं नाही, कोणी कोणाला बोलावलं नाही. दोघांनाही पटलं. तात्यांनी पहिला भाग धोतरात बांधला. रंगूबाईनं त्यांच्यासोबत बुंदीचे लाडू दिले. लग्नातली बुंदी राहिली होती ना गेणूची.

गाड्या आल्या. शेजारी-शेजारी लागल्या, तोंडं उलट. आणि योग असा की तात्यांची खिडकी आणि गेणूची खिडकी अगदी समोरासमोर, मध्ये हातभर अंतर. उतारू उतरले, चहा प्यायले. हे दोघं बसूनच.

अप्पा म्हणाला, "उतरा तात्या."

"तो उतरला का?"

अप्पा पलीकडच्या गाडीत गेला. "उतरा मालक."

"त्यो उतरला का?"

"उतरत्यात."

"उतरू दे मग."

अप्पा चार वेळा या गाडीतून त्या गाडीत गेला. पलीकडच्या गाडीतली एक बाई कोंबड्यांची पाटी मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "जावई रुसल्यात का? मग सासूला बोलवा की." सगळी गाडी हसली. झालं, आता तर उतरणं शक्यच नव्हतं. ड्रायव्हरनं भोंगा दिला.

गाड्या हलल्या तेव्हा गेणू समोर बघत होता, तात्यांकडं नव्हे. समोर बघतच तो मोठ्यानं म्हणाला, "चौदा."

तात्यांचं बोट मांडीवरच्या गाठोड्यावर हललं. अप्पानं हे स्वतः पाहिलं. एक शब्द म्हणायचा होता, तोही तोंडात बसलेला. पण गाडीत सगळे बघत होते, हसत होते, आणि तात्यांनी तोंड उघडलं नाही. गाडी पुढं गेली. लाडू त्यांनी गाडीतल्याच कोणाच्या तरी पोराला दिले.

त्यानंतर पुस्तकं वाढत गेली. आमच्याकडं सहकारी कारखान्याचे शेअर गोळा व्हायला लागले, लोकांच्या तोंडी उसाशिवाय दुसरा विषय राहिला नाही. तात्या आपले पुण्याला जात आणि गाठोडं घेऊन येत. कपाटावर कपाट लागलं. शाळेचे मास्तर पोरं घेऊन बघायला यायचे. तात्या सगळं दाखवायचे, पण पहिला भाग कोणी मागितला की म्हणायचे, "त्यो अर्धा हाय. अर्ध्यात काय बघणार?" रंगूबाईनं मला एकदा सांगितलं, की कधीकधी ते कपाट उघडून तो भाग घेतात, चौदावर बोट ठेवतात आणि तसेच बसतात. ती म्हणाली, "तोंडातल्या तोंडात कायतरी म्हणत्यात. आता म्हणून काय उपेग?"

सत्तावन्न साली भाद्रपदात, पितरांचा पंधरवडा चालू असताना, अप्पा गाडी स्टँडवर लावून सायकलनं कन्हेरीला गेला.

"तात्या, गेणू अंथरुणाला खिळलाय. काविळीनं धरलंय. पिवळाजर्द पडलाय."

तात्या गुरांना वैरण टाकत होते. म्हणाले, "विचारत व्हता का?"

"कुणाला?"

"मला."

"तुमाला न्हाय. कपाटात पुस्तकं किती झाली ते विचारत व्हता."

तात्यांनी वैरण तिथंच टाकली आणि अप्पाच्या सायकलवर डबलसीट बसून बारामतीला आले. पेठेतून एक फेटा घेतला. केशरी, जरीच्या काठाचा. दुकानदारानं विचारलं, लग्न कोणाचं? तात्या म्हणाले, "झालेलं हाय."

घरी आल्यावर रंगूबाई म्हणाली, "उद्या पैल्या गाडीनं जावा."

"उद्या कसा जाऊ? पितरं चाललीत. पितरांत आजारी माणसाच्या दारात नवा फेटा घिऊन जाऊ? लोक म्हणतील आत्तापासूनच पोचवायला आला. अन् वहिनीला काय वाटंल?"

"मग फेटा ठिवा हितं. मोकळं जावा."

"मोकळा कसा जाऊ? मोकळ्या हातानंच तर झालंय सगळं."

"अवं, माणूस आजारी हाय."

"दसरा आलाच की. दसऱ्याला सोनं द्यायला कुणीबी कुणाच्या दारी जातं. त्यात कोण हलका न्हाय अन् कोण भारी न्हाय. फेटा बांधतो, बुक म्होरं ठेवतो, जेवतो अन् येतो." त्यांनी कपाट उघडून फेटा त्या मोकळ्या जागेत ठेवला. रंगूबाई सांगते, इतक्या वर्षांत त्या जागेत त्यांनी स्वतःच्या हातानं काही ठेवलं ते पहिल्यांदा.

तात्यांचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आपल्यातल्या कोणीही हेच केलं असतं. पितरांत आपण बैलाची नवी वेसणसुद्धा घेत नाही.

सर्वपित्री अमावास्येच्या दोन दिवस आधी गेणू गेला. कन्हेरीला कळलं दुसऱ्या दिवशी. अप्पा सांगताना रडला. तात्यांनी ऐकून घेतलं आणि बोटांवर तिथी मोजायला लागले. मोजून झाल्यावर म्हणाले, "तेरावा दसऱ्यालाच येतोय."

म्हणजे ते ठरवल्या दिवशीच निमगावला गेले. गाडीत सगळ्यांच्या हातांत आपट्याची पानं, गोंड्याचे हार. तात्यांच्या मांडीवर गाठोडं. अप्पानं तिकीट दिलं. लासुर्ण्याला गाडी थांबली तेव्हा तात्या उतरले, हॉटेलात गेले, मधल्या बाकड्यावर जाऊन बसले. चहा मागवला नाही. भोंगा झाल्यावर परत आले.

तेराव्याला दुखवटा घेऊन आलेले सोयरे मयताच्या मुलाला फेटा बांधतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. गेणूचा मुलगा मानसिंग, तेविशीचा, उघड्या डोक्यानं पाटावर बसला होता. तात्या अंगणात मागं, गोठ्याच्या भिंतीशी टेकले. भाऊकीतले एक म्हातारे नावं पुकारणार होते. मामाचं नाव आधी यायचं, मग सासुरवाडीचं. म्हाताऱ्यांनी घसा साफ केला आणि पहिलं नाव पुकारलं, "कन्हेरीचं झुंबरराव."

सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. गेणूची बायको सिंधुबाई दाराच्या आत बसली होती. तिनंच सांगून ठेवलं होतं. तात्यांना उठायला वेळ लागला. गाठोडं सोडून त्यांनी तो केशरी फेटा काढला. सगळी लढाई विमानाला कापड ताणून बसवलेला माणूस, पण मानसिंगच्या डोक्याला त्या दिवशी फेटा काही नीट बसला नाही. दोनदा सुटला. शेवटी मानसिंगनं एका हातानं धरला.

दुपारी माणसं पांगल्यावर सिंधुबाईनं ट्रंक उघडून दुसरा भाग आणला. "भावजी, ह्ये घिऊन जा. हितं कोण वाचतंय?"

मानसिंग म्हणाला, "बाबा पानं खुडताना आकडे म्हणायचे. चौदा, नऊ, सतरा. गड्यांना वाटायचं, मालक पानं मोजत्यात. पण ती मोजणी कधी जुळायची न्हाय."

तात्यांनी गाठोड्यात उरलेला पहिला भाग काढला आणि दुसऱ्याशेजारी ठेवला. म्हणाले, "मानसिंग, वाच."

"काय वाचू?"

"चौदा."

मानसिंगनं पान शोधलं आणि अक्षरं जुळवत वाचलं. तात्यांनी आकृतीवर बोट ठेवलं. म्हणाले, "गावली."

मग त्यांनी दोन्ही भाग एकावर एक ठेवून सिंधुबाईपुढं सरकवले. "मी न्यायला आलो न्हाय, वहिनी. दोन्ही हितंच ऱ्हाऊ द्या. दोघंबी म्हणत व्हतो, मी वरपक्ष. कुणीतरी मुलीकडचं व्हायलाच पाहिजे व्हतं. आधीच व्हायला पाहिजे व्हतं."

सिंधुबाई उठली. आत जाऊन तिनं ताट वाढलं. तात्या जागचे हलेनात. म्हणाले, "लेकीच्या सासरी जेवत न्हाईत, वहिनी."

तेव्हा मात्र ती कडाडली. "एक तुमच्या दारातनं न जेवता आला. आता तुमी माझ्या दारातनं उपाशी जाताय? दोघांची ताटं झाकत बसायला मला ठिवलीय व्हय? बसा."

तात्या बसले आणि जेवले. बुंदी होती.

पुण्याच्या फेऱ्या त्यांनी त्यानंतरही केल्या, गुळासाठी. गाठोडं मात्र पुन्हा कोणी पाहिलं नाही. दर दसऱ्याला ते निमगावची गाडी धरतात, मानसिंग आकडे वाचतो आणि ते बोट ठेवतात. पण मानसिंगला मळ्याची घाई असते, दहा-बारा आकड्यांवर खेळ संपतो.

परवा एक कॉलेजातला मुलगा बारामतीहून कपाटं बघायला गेला होता. मी सोबत होतो, कारण मला कुठंही जायला आवडतं. मधल्या फळीवरची जागा आता दुप्पट झाली आहे. रंगूबाई तिथं काही ठेवत नाही. मुलानं विचारलं, "तात्या, इथं कुठली पुस्तकं होती?"

मी कोपरानं तात्यांना ढोसलं, कारण उत्तर मला ठाऊक होतं आणि पुन्हा ऐकायचं होतं. तात्यांनी काचेचं दार लावलं.

"सासरी गेली," ते म्हणाले.